जिवंत माणसाची खुंटी

आमच्या क्लबात फोटो लागायचा असेल तर आधी मरावं लागतं.

थट्टा नाही, नियमच आहे तसा. तुलसी नगरातला आमचा बेसबॉल-सॉफ्टबॉल क्लब काढला तो सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून भोपाळला आलेल्या मंडळींनी. खेळ हौसेनं खेळले आणि भांडणं त्याहून हौसेनं केली. हॉलच्या एका भिंतीवर थोर खेळाडूंचे फोटो लावायचं ठरलं, तेव्हा पहिल्याच वर्षी दोन हयात खेळाडू एकमेकांच्या कॉलरला भिडले. मग जुन्यांनी कायमचं सांगून टाकलं, जो गेला त्याचाच फोटो. मेलेला माणूस वाद घालत नाही. तेव्हापासून दरवर्षी खंडेनवमीला बॅटी-ग्लव्हांची पूजा झाली की चंदनाचा हार घातलेला एक फोटो भिंतीवर चढतो. कुणाचा, ते आमची कमिटी ठरवते, आणि एकमतानं ठरवते. चार मराठी माणसांचं एकमत म्हणजे काय असतं ते मी सांगायला नको.

मी नलिनी. माझ्या काळी मुलींच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी होते, आता कमिटीवर आहे. जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. यंदा मला एकच गोष्ट हवी होती. मनोरमेला त्या भिंतीवर बघायचं होतं आणि तेही तिच्या डोळ्यांदेखत.

मनोरमा माझी कॅचर. बॅटवालीच्या मागे उकिडवी बसून माझा प्रत्येक चेंडू तिनं झेलला. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून वाकडी आहेत, त्यामुळे लाडू वळले की ते चपटे होतात. आता तिला काचबिंदू झालाय. नळीतून बघावं तसं फक्त समोरचं दिसतं, आजूबाजूला अंधार. पुढच्या वर्षीपर्यंत तेवढं तरी राहील का, ते डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून मला घाई होती.

रविवारी सकाळी कमिटी बसली. पोहे-जिलेबी आली. अध्यक्ष नीळकंठराव, आमचे नीळूभाऊ, सचिवालयातून रिटायर झालेले. नियमाबाहेर शिंकसुद्धा देत नाहीत. मुलींची कोच रसिका, मी आणि मनोरमा. हो, मनोरमाही कमिटीवर आहे.

"यंदा अशोक," नीळूभाऊंनी जिलेबी मोडत सुरुवात केली. "मागच्या हिवाळ्यात गेला. त्याच्याएवढे होमरन, मैदानाबाहेरचे फटके, या क्लबात कोणी मारले? करोंदच्या मंडीतले व्यापारी दुकानं सोडून त्याला बघायला यायचे."

"आणि बॅट?" मी म्हटलं. "बॅट हलकी व्हावी म्हणून लाकूड पोखरून आत बूच भरलं होतं त्यानं. पकडला गेला, मोसमभर बाहेर बसला. त्या माणसाला हार घालायचा? उद्या या पोरींना काय सांगायचं, चोरी करा पण लांब मारा?"

"अवं, एका मोसमाची गोष्ट आहे. त्याच्या आधीचे होमरन काय बुचानं मारले?"

"आधी कधी कोणी बॅट कापून पाहिली होती?"

रसिका मध्ये पडली. "नलिनीताई, ये तो गलत बात आहे ना. शक पे कुणाला आउट देतात का?"

मी आणखी बोलणार होते, पण मनोरमेनं पोह्यांची बशी चाचपून खाली ठेवली. "नले, बॅट पोकळ असो नाहीतर भरीव, आधी चेंडू दिसायला लागतो. मी त्याच्यामागे बसून प्रॅक्टिसला किती वेळा झेललंय. तसली नजर बूच भरून येत नाही. चूक केली, शिक्षा भोगली. आता गेलाय तो. लावा त्याचा फोटो."

नजरेबद्दल तीच बोलल्यावर मीही हात वर केला. अशोकवर एकमत झालं.

"पण माझंही एक नाव आहे," मी म्हटलं. "मनोरमा."

नीळूभाऊंचा हात जिलेबीवरच थांबला. ज्याचं नाव निघेल त्यानं बाहेर जायचं अशी आमची रीत. मनोरमा भिंतीला हात लावत लावत व्हरांड्यात गेली.

"नलिनीबाई, ती जिवंत आहे."

"म्हणूनच म्हणते."

"आणि तिचे होमरन किती?"

"होमरन गेले खड्ड्यात!" माझा आवाज चढलाच. "मी राज्याच्या टीममध्ये गेले, पेपरात माझा फोटो आला. कोणता चेंडू टाकायचा ते कोण सांगत होतं? तिची बोटं खुणेनं सांगत होती. मी नुसता हात फिरवायचे, डोकं तिचं होतं. बोट मोडलं तरी चिंधी बांधून मॅच संपवली तिनं. अशोकच्या होमरनला टाळ्या वाजतात, झेलणारीला कोण वाजवतं? बॅट पोखरणारा भिंतीवर आणि ही व्हरांड्यात! वा रे न्याय!"

"लायक नाही असं मी कुठं म्हणतो?" नीळूभाऊ नरमले. "तिच्याइतकी लायक बाई या क्लबात दुसरी नाही. पण हयात बाईच्या फोटोला चंदनाचा हार? अहो, अपशकुन आहे तो. मोहल्ल्यातले लोक भेटायला येतील तिच्या घरी, पांढरे कपडे घालून."

रसिका फिसकन हसली. मला काही हसू आलं नाही.

"मग काय, तुमच्या नियमासाठी तिनं मरावं का?"

बोलले आणि जीभ चावली.

व्हरांड्यातून आवाज आला, "डोळे गेलेत गं नले, कान नाही गेले. आणि मरायची मला एवढ्यात घाई नाही. अशोकचं झालं ना, मग चहा मागवा."

घरी जाताना आम्ही दोघी ई-रिक्षात बसलो. तिचं घर हबीबगंजच्या बाजूला. स्टेशनचं नाव बदललं, तरी आमच्या तोंडात तेच बसलंय. मी आपली नीळूभाऊंना शिव्या घालत होते. रिक्षा वळली तशी तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मला काही नको, खरंच. पण एकदा बघायला आवडलं असतं गं."

एवढंच म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं की तिला दारात सोडून मी उतरलेही नाही, तशीच पुढे गेले. घरी येऊन रडून घेतलं.

खंडेनवमीच्या सकाळी मी घरातली हत्यारं पुसायला घेतली. विळी, अडकित्ता, शिलाई मशीन. मशीनला हळदकुंकू लावलं, चाकाला झेंडूची माळ घातली. आणि तिथंच पाटावर बसून मोठ्यानं हसले. अगं बाई! मी ठणठणीत जिवंत आणि माझ्या मशीनच्या गळ्यात हार. दरवर्षी घालते, कधी कुणी अपशकुन म्हटलंय?

पूजा अर्धी टाकून क्लबात गेले. रसिकेकडून ग्लव्हांच्या पेटीची किल्ली घेतली. मनोरमेचा मिट, म्हणजे कॅचरचा तो जाडजूड हातमोजा, तळाशी होता. कातडं पापडासारखं कडक झालेलं. व्हरांड्यात बसून त्याला खोबरेल चोळलं, घडी सुटेपर्यंत चोळलं. मग बाजारातून एक चांगली लाकडी खुंटी आणली.

संध्याकाळी पूजा झाली. अशोकचा फोटो वर चढला. मीही टाळ्या वाजवल्या. दिसायला देखणा होता मेला, ते नाकारत नाही. मग पिशवीतून हातोडी काढली आणि अशोकशेजारी खुंटी ठोकायला लागले.

"अवं, हे काय चाललंय?" नीळूभाऊ धावत आले.

"नियम काय आहे? हयात माणसाचा फोटो लावायचा नाही. हा फोटो आहे का?" मी मिट खुंटीला अडकवला. "आज खंडेनवमी. आत्ताच तुम्ही बॅटींना हार घातलेत. त्या बॅटीवाल्या मेल्या का सगळ्या?"

मागे उभ्या मुली खिदळल्या. नीळूभाऊंनी मिटकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात नियमाचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं जात होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी पूजेच्या ताटातली झेंडूची माळ उचलून त्यांनी स्वतः मिटला घातली.

"चंदनाची नाही हं," ते म्हणाले. "चंदनाची तिच्यासाठी राखून ठेवतो. घाई नाही."

रसिकेनं मनोरमेला हात धरून भिंतीसमोर आणलं. ती मान इकडेतिकडे करत राहिली, नळीत काही सापडेना. मग सापडलं. ती तशीच उभी राहिली. वाकड्या बोटांनी तोंड झाकलं आणि रडली, अगदी मोकळेपणानं. मीही रडले. नीळूभाऊ उगाच उदबत्ती सारखी करत बसले.

डोळे पुसून तिनं काय करावं? माळ काढून रसिकेच्या हातात दिली, मिट खुंटीवरून उतरवला आणि डाव्या हातात चढवला. "स्टूल द्या," म्हणाली. "उकिडवं आता बसवत नाही."

हॉलच्या एका टोकाला ती स्टुलावर बसली. मला दुसऱ्या टोकाला पाठवलं. मुलींनी माझ्या हातात चेंडू दिला.

"मने, नको गं, लागेल."

"मला समोरचं दिसतं. तू समोर उभी राहा, तेवढं पुरे." तिनं मिट पुढे केला. उजव्या हाताची वाकडी बोटं मांडीशी नेऊन खूण केली. सरळ, मधोमध. कितीतरी वर्षांनी पाहिली ती खूण.

मी खालून हात फिरवला आणि चेंडू हळूच टाकला, लहान मुलाला टाकतात तसा. तो तिच्या मिटमध्ये अलगद जाऊन बसला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

मनोरमेनं काही वाजवलं नाही. तिनं चेंडू माझ्याकडे परत फेकला, बरोब्बर छातीवर, आणि ओरडली, "काय गं, माझा फोटो लागलाय का? जोरात टाक!"