तीन भरत्यांचा नेम

धर्माजी मेला, असं चंद्राबाईच्या घरात आठ वर्षांत कुणी बोललं नव्हतं. बोलायची छातीच नव्हती कुणाची. जर्मन लढाईत तिचा हा मुलगा आगबोटीवर खलाशी म्हणून गेला. सन सतराला सरकारी कागद आला, तो किहीमच्या मास्तरांनी वाचून दाखवला. धर्माजी समुद्रावर हरवला, एवढंच त्यात होतं. मास्तरांनी डोळे पुसायला उपरणं काढलं तशी चंद्राबाई म्हणाली, "मास्तर, ते ठेवा आत. हरवलाय लिवलंय, मेलाय न्हाय."

कोळीवाड्याची रीत होती की, हरवलेल्याची बारा वर्षं वाट पाहायची, मग गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर बायकोचं कुंकू तसंच. म्हणजे सून काशी अजून चार वर्षं अडकलेली. तिला आताच सव्विसावं लागलं होतं. ती तोंडानं काही बोलत नसे, पण बोंबील बांबूवर टांगताना तिचा हात मध्येच थांबे, ते सासूला दिसे.

अशात बोर्ली पंचतनकडचा भिकू दारात येऊन उभा राहिला. तोही लढाईत खलाशी होता, धर्माजीच्याच आगबोटीवर. बायको वारलेली, पोर नाही. गेल्या वर्षापासून तो सुकी मासळी घ्यायच्या निमित्तानं तीनदा येऊन गेला होता. आज मासळीचं नाव न काढता त्यानं सरळ काशीला मागणी घातली. पाट लावून घेतो म्हणाला.

"मुडदा बशिवला तुजा!" चंद्राबाई सुपासकट उठली. "नवरा जिता आसताना पाट लावतोस व्हय रं?"

"आये, धर्माजी न्हाय. मला ठावं हाय."

"तुला ठावं हाय, मंग आठ वर्सं काय तोंडात बोंबील व्हता?"

काशी आतून तांब्या घेऊन आली होती, ती चौकटीतच थांबली. भिकू म्हणाला, "गेल्या साली सांगायलाच आलो व्हतो. हिनं पानी दिलं. कपाळावर कुंकू बगितलं आन् मला बोलवंना."

"आन् आता बोलवतंय. सून न्यायची म्हनून."

"व्हय," भिकू म्हणाला. "खोटं कशाला सांगू."

हे उत्तर चंद्राबाईला अपेक्षित नव्हतं. ती खाली बसली. "बोल. पन एक सबूद खोटा निगाला तर या सुपानं थोबाड फोडीन."

भिकूनं सांगितलं ते असं. त्यांची आगबोट तांबड्या समुद्रात होती, आणि तिच्यावर पाण्यावर उतरणारी दोन विमानं होती. यारीनं, म्हणजे बोटीवरच्या दोराच्या उचलयंत्रानं, विमान पाण्यावर सोडायचं, दोघं साहेब बसून उडायचे, परत आले की पुन्हा यारीनं वर घ्यायचं. दोर धरायला भिकू आणि धर्माजी. एके सकाळी एक विमान शत्रूचा तळ पाहायला गेलं, ते आलंच नाही. दुसऱ्या विमानाचा धाकटा साहेब, विशीचा पोरगा, त्यांना शोधायला दोनदा जाऊन आला. दुसऱ्या खेपेला किनाऱ्यावरून गोळ्या सुटल्या आणि त्याच्या मागे बसून दुर्बीण लावणाऱ्या साहेबाचा खांदा फुटला. कप्तान म्हणाला, पुरे झालं, संध्याकाळी नांगर उचलायचा. धाकटा साहेब ऐकेना. तेल भरा म्हणाला, एकटा जातो.

"तवा धर्माजी म्होरं झाला," भिकू म्हणाला. "सायबाची बोली येत न्हाय. आपल्या डोळ्यांकडं बोट केलं, रिकाम्या जाग्याकडं केलं. सायबानं बगितलं त्याच्याकडं आन् जखमी सायबाची कातडी टोपी त्याच्या डोक्यावर घातली."

चंद्राबाई हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "माजा धर्माजी? इमानात? आरं, त्यो माडावर चढत नव्हता! चार हात वर गेला का मुतायचा. ऊठ, चालता हो."

"कापत व्हता आये. मी इचारलं, येड्या, कशाला जातोस? तर म्हनाला, आमच्या वाड्याचा नेम हाय. मानूस पान्यात पडला तर तीन भरत्या झाल्याबिगर होडी फिरवायची न्हाय. आगबोट तर एकच भरती थांबतीया. मी मागारी फिरलो तर आय जेवायला वाढनार न्हाय."

चंद्राबाईच्या हातातलं सूप खाली गेलं. धर्माजी सतरा वर्षांचा असताना वाड्यातल्या कोंडाजीचा भाऊ होडीतून पडला होता, आणि त्याला शोधायला गेलेला धर्माजी दुसऱ्या भरतीला, थंडीनं काकडून, घरी परतला होता. तिनं ताट पालथं घातलं. एक भरती ऱ्हायलीय, म्हणाली, आणि दार लावलं. पोरगा उपाशी परत गेला. तिसऱ्या भरतीला खांदेरीच्या खडकापाशी प्रेत सापडलं. ताटाची गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. काशी तर तेव्हा घरात आलीही नव्हती.

"म्होरं," ती म्हणाली.

"ते पयले दोगं सायब बुडत्या इमानाला धरून व्हते. धर्माजीनं हेरलं असनार, कारन इमान त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालाया लागलं. उतरायला लाटा मोठ्या. लांब एक अरबाचं गलबत चाललं व्हतं. त्याला दिसावं म्हनून हे फिरतच ऱ्हायले, तेल सरेस्तोवर. गलबतानं त्या दोगांना उचललं आन् ह्यांच्या इमानाचं इंजान बंद पडलं. तोंडावर उलटं पडलं पान्यात. गलबत सांजेपर्यंत हुडकत व्हतं, टोपी तेवडी गावली. हे त्या दोगा सायबांनीच एडनच्या इस्पितळात सांगितलं. मी पाट्या वाहत व्हतो तितं."

"म्हंजी ते दोगं जगले."

"जगले."

चंद्राबाईनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं. मग, "बरं झालं," म्हणाली. ते म्हणायला तिला जोर लावावा लागला. काशीच्या हातातला तांब्या कलंडून पाणी ओसरीवर आलं होतं. "पूस ते," ती सुनेला म्हणाली आणि पदर खोचून कोळीवाड्याच्या पाटलाकडे, येसाजीकडे गेली.

येसाजी जाळं विणत होता. "चार वर्सं बाकी हायत वैनी," तो म्हणाला. "रीत मोडायची कशी?"

"रीत वाट बगायची हाय. माजी वाट बगून झाली. माजा ल्योक मेला. त्याची आय सांगतीया, आनी कुनाचा दाखला पायजे तुला?"

आठ वर्षांत तो शब्द तिच्या तोंडून आजच निघाला. येसाजीनं जाळं बाजूला ठेवलं. "उद्या पुतळा करू," तो म्हणाला.

"दोन करा. त्या सायबाचाबी."

"वैनी, त्याचं गोत ठावं न्हाय, नाव ठावं न्हाय. त्यांच्यात तर पुरत्यात!"

"पुरायला हाय काय त्याचं? त्यो आपल्या मानसांपायी फिरला, धर्माजी त्याच्या मानसांपायी फिरला. एका इमानात गेले. मी एकाला अग्नी दिऊन दुसऱ्याला काय वाळूत टाकू? गोत लागत आसल तर माजं सांग."

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वाळूवर दोन पुतळे जळले. दोन्ही पुतण्या दादूनं पेटवले. बायकांनी काशीच्या बांगड्या फोडल्या तेव्हा चंद्राबाई तिच्यामागे दोन्ही खांदे धरून उभी होती.

दिवसपाणी उरकल्यावर चंद्राबाईनं भिकूला होकार धाडला, तशी काशी सासूपाशी आली. "आये, तुमी एकल्या पडाल. मी न्हाय जात."

"गप गो. मला काय कावळा उचलून नेनार हाय?" चंद्राबाईनं फडताळातून सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, बरणी काढली आणि तिच्या ओटीत ठेवली. "जा तू. कांद्यावर परत, वल्या मासळीचा खाडा पडला का. आन् भिकूला सांग, मला सूप मारायचं व्हतं, ते ऱ्हायलं."

काशी हसली आणि मग रडली. चंद्राबाईनं तिला रडून घेऊ दिलं, आणि भरती लागायच्या आत बोर्लीकडं जाणाऱ्या होडीत बसवून दिलं.