सुटकेचे कपडे

बायकांच्या तुरुंगाच्या फाटकासमोरचा रस्ता ओलांडला की एक खोली लागायची. पूर्वी तिथे सायकली दुरुस्त करत. फरशीवरचे तेलाचे डाग अजून गेले नव्हते. आता एका संस्थेने ती भाड्याने घेऊन तिथे लोकांनी दिलेले जुने कपडे ठेवले होते, आणि त्या कपड्यांवर नेमलेल्या बाईला सगळे पुतळेवाली म्हणत. हे नाव फाटकावरच्या पहारेकरणींनी पाडलं होतं. बावीस वर्षं ती शहरातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काचेमागच्या पुतळ्यांना कपडे चढवायची. दुकान बसलं, पुतळे भंगारात गेले, आणि ही इथे आली.

माणूस ज्या ऋतूत आत जातो त्याच ऋतूत सुटतो असं नाही. भर उन्हाळ्यात पकडलेली बाई ऐन थंडीत बाहेर येते, तेव्हा तिला परत मिळतो तो तिचाच पातळ कुडता आणि त्याच चपला. म्हणून ही खोली. संस्थेचं म्हणणं, ऊब मिळाली की झालं. पुतळेवालीला ते पटत नसे. "ऊब काय, घोंगडीनेही मिळते," ती म्हणायची. "पण घोंगडी पांघरून नोकरी मागायला जाता येत नाही."

तिचे स्वतःचे काही नियम होते. अंगावर एका वेळी तीनच रंग. एक वस्तू उठून दिसणारी, बाकीच्यांनी गप्प बसायचं. जुन्या स्वेटरवर आलेले लोकरीचे गोळे ती दाढीच्या पात्याने इतक्या हलक्या हाताने काढायची की स्वेटर दोन वर्षांनी नवा दिसायचा. कोटाची स्वस्त चकचकीत बटणं काढून लाकडी लावायची, खांद्यातला फुगीर कापूस उपसायची, लांब बाह्या आत दुमडायची. बूट आणि गळपट्टे ती आठवडी बाजारात, विक्रेते आवराआवर करू लागले की घासाघीस करून आणायची. या सगळ्यात स्वतःकडे बघायला तिला सवड नव्हती. तिच्या अंगावर चार हिवाळे एकच तपकिरी जाकीट होतं. त्याची चेन तुटली होती आणि ते तिने सेफ्टी पिनांनी बंद केलं होतं.

थंडीचा कडाका ऐन भरात असताना एका सकाळी एक बाई दारात येऊन उभी राहिली. उंच, काटकुळी, पन्नाशीच्या अलीकडची. कुडत्यावर तुरुंगाचं करडं पांघरूण. आत ये म्हटल्याशिवाय ती आत येईना. अकरा वर्षांत तिला दुसऱ्याने दार उघडायची सवय झाली होती.

"या ताई, बसा. हीटरजवळ बसा."

"बसत नाही. मला चारला पोचायचंय." मग पांघरूण सावरत म्हणाली, "मुलीला भेटायचंय."

पुतळेवालीने कशासाठी आत होतात हे कधी कुणाला विचारलं नव्हतं, तिलाही विचारलं नाही. जे कळलं ते बाईच्या तोंडून, माप घेता घेता. मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा ही आत गेली. पोरीला भावजयीने वाढवलं. तेरा वर्षांची होईपर्यंत ती महिन्यातून एकदा भेटीला यायची, मग परीक्षा आल्या, मग काहीच आलं नाही. आता एकोणीस वर्षांची झाली होती आणि एका दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायच्या टेबलावर बसत होती.

"फोनवर म्हणाली, आई, जरा बरी दिसून ये. दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात भेटायचंय. तिच्याबरोबर काम करणारे तिथे येतात."

"मग बऱ्या दिसू आपण," पुतळेवाली म्हणाली.

त्या दिवशी तिने जीव ओतला. गेल्याच आठवड्यात कुणीतरी एक कोट देऊन गेलं होतं, भाजलेल्या रव्याच्या रंगाचा, खऱ्या लोकरीचा, खांद्यात बेढब. एरवी तो तिने दोघी-तिघींना दाखवून मग ठरवलं असतं. आज तिने सरळ शिवण उसवली, खांदे उतरवले, कंबरेला दोन चिमट्या घेतल्या आणि मशीन मारली. आत काळपट लाल रंगाचा गळाबंद स्वेटर. खाली कोळशाच्या रंगाची सरळ पँट, तिची खालची दुमड चार बोटं उसवून बाईच्या उंचीला आणली. घोट्यापर्यंतचे काळे बूट एक नंबर मोठे होते, त्यांच्या टोकांत कागदाचे बोळे कोंबले. गळपट्टा कोटाच्या आत, फक्त कड दिसेल असा. केस मागे घेऊन चापात बसवले.

बाई पुतळ्यासारखीच उभी होती. सांगितलं की हात वर, सांगितलं की खाली. एकदाच तिने स्वतःहून काही केलं: कोटाच्या खिशात हात घातले आणि चेहरा एकदम उजळला.

"खिसे आहेत."

"कोटाला खिसे असणारच की."

"आत नसतात," बाई म्हणाली आणि हात बाहेर काढेचना.

मग पुतळेवालीने तिला उंच आरशासमोर नेलं. तुरुंगात तळहाताएवढा आरसा होता, त्यात एका वेळी एक डोळा दिसायचा. बाई बराच वेळ बघत राहिली. पुतळेवालीला वाटलं, आता हसेल. दुकानात असताना लोक काचेशी थबकायचे तेव्हा जसं वाटायचं तसं तिला वाटू लागलं होतं.

"ही माझी आई आहे," बाई हळूच म्हणाली. "मी गेले तेव्हा मी तरुण होते हो."

पुतळेवालीने कॉलरवरचा न दिसणारा धागा टिपला.

तीन वाजता निघायच्या वेळी बाई दाराशीच अडली. रस्ते बदललेले, बसचं तिकीट आता माणूस देत नाही, यंत्र देतं. "तुम्ही चला ना," ती म्हणाली. "लांब बसा. मला नुसतं कळलं पाहिजे की तुम्ही आहात." हे पुतळेवालीच्या कामात बसत नव्हतं. तिने खोलीला कुलूप लावलं आणि निघाली.

चहाचं दुकान उबदार होतं, काचांवर वाफ धरली होती. बाईला तिने दारासमोरच्या टेबलावर बसवलं, येणाराला कोट पहिल्याने दिसावा म्हणून. ती स्वतः भिंतीकडेच्या टेबलावर जाऊन बसली. दोघींच्या मध्ये दोन खुर्च्यांचं अंतर.

चारला पाच कमी असताना मुलगी आत आली. दवाखान्याच्या निळ्या अंगरख्यावर आखूड जाकीट, नाक थंडीने लाल. पुतळेवालीने तिला उंचीवरूनच ओळखलं. बाई अर्धवट उठली. मुलीची नजर तिच्यावरून गेली, कोटावर क्षणभर ठरली, जशी दुकानाच्या काचेवर ठरते तशी, आणि पुढे सरकली. मग तिला भिंतीकडे सेफ्टी पिना लावलेलं तपकिरी जाकीट दिसलं. ती सरळ चालत तिकडे आली, टेबलावर वाकली आणि कुणी ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"आई?"

पुतळेवालीच्या तोंडातला घोट तोंडातच राहिला. तिने मान हलवली. "मी नाही, बाळ. त्या." आणि बोट दाखवलं.

मुलगी वळली. बाई उभीच होती, दोन्ही हात खिशात घालून.

"सॉरी," मुलगी म्हणाली. "तुम्ही... तुम्ही एकदम वेगळ्या दिसताय."

फोनवर तू म्हणणारी पोर समोर आल्यावर आईला तुम्ही म्हणाली, आणि एकदा तोंडातून गेलेलं ते तुम्ही तिला मागे घेता येईना. पुढची वीस मिनिटं तेच चाललं. तुम्ही चहा घेणार का. तुमची तब्येत कशी आहे. बाई सगळ्याची नीट उत्तरं देत होती, जशी आत साहेबांना द्यायची तशी, पाठ ताठ ठेवून. मामी घरी आणू नको म्हणते, मुलगी सांगत होती. मामाचं ब्लडप्रेशर, शेजारी, सगळंच. आपण इथेच भेटत जाऊ. बाई म्हणाली, बरोबर आहे. मध्येच दवाखान्यातल्या दोघी आल्या, त्यांनी मुलीला हात केला, कोटवाल्या बाईकडे पाहून हसल्या. मुलीच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला भिंतीपर्यंत दिसला.

"कोट छान आहे," निघताना मुलगी म्हणाली. "कुठून घेतलात?"

"सेलमध्ये मिळाला."

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. संस्थेच्या वसतिगृहाच्या दोन थांबे आधी बाई बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"ती तुमच्याकडे आली."

"थंडीत डोळ्यांना पाणी येतं, नीट दिसत नाही."

"सहा वर्षं तिच्या मनात आई कशी होती ते मला कळलं," बाई म्हणाली. "चूक तिची नाही. तुमचीही नाही. तुम्ही इतकं मन लावून केलंत."

पुतळेवालीच्या मनाला दोन गोष्टी बोचत होत्या. पहिली, तिने चढवलेल्या कोटानेच आईला मुलीपासून लपवलं होतं; दुसरीची तिला लाज वाटत होती: तुरुंगातून आलेली बाई कशी दिसत असेल याचा विचार करून एका परक्या मुलीने अख्ख्या दुकानातून नेमकं तिला निवडलं होतं.

आठवड्याने बाई पुन्हा आली. कोट घडी घालून आणला होता. दुसऱ्या गावी एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम मिळालं होतं, राहायला खोलीही होती. तिथे वाफेत असला कोट काय करायचा. पुतळेवालीने तिला कापसाचं निळं जाकीट काढून दिलं आणि कागदावर धुलाईखान्याचा पत्ता लिहून घेतला.

"मुलीला सांगितलंत?"

"नाही. तुम्हीही सांगू नका. तिच्या आयुष्याची आत्ता कुठे घडी बसतेय. माझ्यामुळे तिला दर वेळी दुकानात इकडेतिकडे बघावं लागतं. वचन द्या."

पुतळेवालीने दिलं. त्या घडीला ते योग्यच वाटलं.

महिन्याभराने एका दुपारी मुलगी आली. वसतिगृहातून तिला खोलीचा पत्ता मिळाला होता. आत येऊन तिने एकावर एक टांगलेले कोट, मशीन, बुटांची रांग सगळं बघितलं आणि तिला काय ते समजलं असावं.

"इथून होता ना तो कोट?"

"हो."

"फोन लागत नाही तिचा. वसतिगृहवाले म्हणतात, सोडून गेली." बोलता बोलता तिने टांगलेल्या एका स्वेटरची बाही हातात धरली होती. "त्या दिवशी मी घरी जाऊन खूप रडले. मला तिला तू म्हणायचं होतं. मी ठरवून गेले होते, काय काय बोलायचं ते. तुम्हाला माहितीये का, ती कुठेय?"

पत्त्याचा कागद मशीनच्या खणात होता, हात लांब केला की सापडेल इतक्या जवळ. पुतळेवालीने मुलीच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं.

"मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. "नंबर देऊन ठेव."

मुलगी गेल्यावर तिने त्याच दिवशी बाईला पत्र लिहिलं. तुमची मुलगी आली होती, ती तुम्हाला शोधते आहे, मला वचनातून मोकळं करा. पत्र टाकून आल्यावर तिला जरा हलकं वाटलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात पाकीट परत आलं. त्यावर टपालवाल्याने लिहिलं होतं: येथे राहत नाही. तिने धुलाईखान्याला फोन लावला. तिथली मुकादम म्हणाली, होती, बाई कामाला चांगली होती, पण चौकशीत जुनी गोष्ट निघाली तेव्हा वरच्यांनी ठेवलं नाही. गेली. कुठे गेली ते कोण सांगणार. पंधरा दिवस झाले असतील.

पुतळेवालीने बोटांवर दिवस मोजले. मुलगी खोलीत उभी होती त्या दुपारी बाई अजून तिथेच होती, वाफेत चादरी धूत होती, दोन तासांच्या अंतरावर.

तिने मुलीला फोन केला. काही न लपवता सगळं सांगितलं: वचन, खणातला कागद, पत्र, मुकादम. मागे दवाखान्याची घंटा वाजत होती, कुणीतरी पुढच्या माणसाचं नाव पुकारत होतं. मुलीने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी आले तेव्हा तुमच्याकडे पत्ता होता," ती म्हणाली.

"होता."

"मग तेव्हाच का नाही दिलात?"

बाहेर फाटक उघडल्याचा आवाज आला. आज कुणी सुटणार होतं, यादीत नाव होतं. पुतळेवालीला म्हणायचं होतं की तुझ्या आईने मागितलेली तेवढी एकच गोष्ट होती, कोट मी तिला माझ्या हौसेने चढवला होता. पण ते मुलीला सांगून तिचं काही भलं होणार नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

मुलीने फोन ठेवला. रस्ता ओलांडून एक ठेंगणी, तरुण बाई दारापर्यंत आली होती आणि चपलांतल्या बोटांवर बोटं चढवून बाहेरच उभी होती. पुतळेवाली तिला आत घ्यायला उठली.