चौदातल्या तीन वेळा

भगवंतराव सरांनी फरशीवर गुडघे टेकून चौदा इंचांचा चौकोन आखला आणि चारही बाजूंना टेकेल असं वर्तुळ त्यात काढलं. धोतराला खडू लागला, तरी त्यांना पर्वा नव्हती. तास दहावीच्या भूमितीचा, पण आज सरांना काहीतरी नवं शिकवायची हौस आली होती. फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: संभाव्यता.

"बुलढाण्याच्या वसतिगृहात आपल्या शाळेला मुलीची एकच जागा आहे," सर म्हणाले. "पुष्पा आणि मंजुळा, दोघींचे मार्क सारखे. तेव्हा निकाल हा चिंचोका लावेल."

पोरं खिदळली. मंजुळा मात्र हसली नाही. गावची शाळा दहावीशीच संपायची. जागा मिळाली तर अकरावीची मॅट्रिक, नाहीतर वैशाखात लग्न, असं तिच्या बापानं, तुळशीराम माळ्यानं, बजावून ठेवलं होतं. देऊळगाव राजाची माणसं तिला दोनदा बघून गेली होती. पुष्पाचं तसं नव्हतं. ती उत्तमराव पाटलांची लेक. तिचे सख्खे काका बुलढाण्यातच राहायचे.

"मंजुळा, तू आधी निवड. मी पाठमोरा राहून टाकणार. वर्तुळाच्या आत, की बाहेर कोपऱ्यात?"

काय तो उदारपणा! मंजुळा चौकोनाकडे बघत राहिली. लहानपणापासून ती रिंगणात चिंचोके मांडून खेळलेली, आणि रिंगणाबाहेर उडेल तो आपला, हा त्या खेळाचा कायदा. शिवाय आत जागा एक, बाहेर कोपरे चार.

"बाहेर, सर."

सरांचा चेहरा असा खुलला, की विचारू नका. कुणीतरी हीच चूक करावी म्हणून तर ते आठवडाभर वाट बघत होते. वर्गाकडे बघून ते गालात हसले, वळले आणि खांद्यावरून चिंचोका टाकला.

चिंचोका टणकन उडाला, वर्तुळाची रेघ ओलांडून घरंगळला आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन बसला.

"बाहेर! मंजुळा जिकली बे!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

मंजुळानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आनंदानं तिला रडूच फुटायला आलं होतं. पुष्पानं बाकाखालून तिचा गुडघा दाबला.

सरांनी वळून कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांचा धडाच नासला होता.

"एका फेकीवर शास्त्र ठरत नसतं," ते म्हणाले. "शंभर टाकू. मंजुळा, तुझं अक्षर बरं आहे. फळ्यावर तू मोज."

"पण सर, पह्यलाच आत पडला असता तं?" मंजुळानं विचारलं.

"तर नियम लगेच दिसला असता."

मंजुळा खडू घेऊन उभी राहिली. सर टाकत होते, पुष्पा वाकून सांगत होती. आत. आत. बाहेर. आत. चौकोनाच्याच बाहेर गेला तर तो धरायचा नाही. पंचविसापर्यंत मंजुळाला वाटत होतं, आता फिरेल. पन्नासाला तिचा हात भरून आला. पुढे एकदा पुष्पा जरा घाईनंच म्हणाली, "बाहेर."

मंजुळानं मान वळवून पाहिलं. "आत हाय तो, पुष्पे," म्हणाली आणि आतल्या बाजूला रेघ मारली. मूर्ख पोरगी!

शंभर झाले. आत एकोणऐंशी, बाहेर एकवीस.

सरांनी तिथंच वसतिगृहाचा अर्ज काढून पुष्पाचं नाव भरलं. मग ते खुशीत म्हणाले, "आता मंजुळाच सांगेल, तिचं चुकलं कुठं."

मंजुळानं फळ्यावर मांडलं. आकडे बरोबर होते.

"चौकोन एकशे शहाण्णव. वर्तुळ एकशे चोपन्न. बाहेर राह्यले बेचाळीस. म्हंजे चौदातल्या अकरा वेळा आत, तीन वेळा बाहेर."

"शाब्बास! समजलं ना तुला?"

"हाव, सर. बाहेर कमी पडते. पण पडते." तिनं खडू खाली ठेवला. "आज मह्यासाठी पडला होता."

सरांनी अर्जाची घडी घातली.

"बस खाली. आणि गणित उतरवून घ्या सगळ्यांनी."

मुलांनी वह्या काढल्या. मंजुळानंही काढली.