उजव्या डोळ्याची खोडी

ठकी सहा वर्षांची. उजव्या कानामागे कातडीखाली ऐकण्याचं यंत्र बसवलं, त्याला वर्ष झालं. वर्षभर एकेक आवाज पाहुण्यासारखा दारात आला, ओळख सांगून घरचाच झाला. पण महिनाभरापासून आत्याने तोंड उघडलं, की ठकीचा उजवा डोळा मिटायचा.

"बघा! परत मारला डोळा!" आत्या कडाडली. डोळा पुन्हा मिटला. "दादा, पोरगी हाताबाहेर गेली तुझी!"

"अगं, तुझ्या आवाजाने माझेही मिटतात," बाबा म्हणाले.

आई हसली नाही. डोळ्याबरोबर गाल ओढला जाताना तिने पाहिला होता. "यंत्राचंच काही असेल तर? पुन्हा ऑपरेशन?" ती अगदी हळू पुटपुटली. पण हळू बोललेलं ऐकू यावं म्हणूनच तर सगळा खटाटोप होता. ठकीने ऐकलं.

दवाखान्यात आत्याही बरोबर आली. यंत्र जुळवणाऱ्या ताईंनी कॉम्प्युटर लावला. "आतल्या तारेवर आवाजाची वीज सोडणारे बावीस ठिपके आहेत. त्यातला एखादा चेहऱ्याच्या नसेला गुदगुल्या करत असेल. एकेक वाजवून बघू."

पहिला वाजला. ठकीने डोळा मिटला. दुसऱ्यालाही. बाविसाव्यापर्यंत एकही सोडला नाही. सगळेच चोर ठरले, तर पकडणार कुणाला?

"सगळेच बिघडले?" आईचा चेहरा उतरला.

ताईंनी पुन्हा कळ दाबली. डोळा मिटला.

"बाईसाहेब, मी आत्ता काहीच वाजवलं नाही."

ठकीने मान खाली घातली. "मला पुन्हा डोकं कापायचं नाही."

"कापतंय कोण? चोर सापडला, की इथूनच त्याची वीज बंद. सुईसुद्धा नाही."

"शपथ?"

"शपथ."

मग ठकी चेहरा सैल सोडून बसली. दहा ठिपके गुमान गेले. अकरावा वाजला आणि डोळा-गाल एकदम नाचले. ताईंनी तो बंद केला, त्याचं काम शेजारच्या ठिपक्यांना वाटून दिलं.

"आता खात्री करू. आत्याबाई, बोला."

"मी काय बोलणार?" म्हणत आत्या जी सुरू झाली, ती पाणी प्यायलाच थांबली. ठकीचा डोळा पापणीभरही हलला नाही. आईने तिचा गाल हाताने चाचपला, मग दुसराही, आणि तेव्हा कुठे खुर्चीला पाठ टेकली.

"कसा येतोय आत्याचा आवाज?" ताईंनी विचारलं.

"पहिल्यासारखाच." ठकी ताईंच्या कानाशी गेली. "उरलेल्या एकवीसमधले आत्याचे कुठले?"