निजसुखाच्या खालचं नाव

पवित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती प्रूफाची शेवटची ओळ वाचून. राजारामपुरीतल्या त्या शब्दकोशाच्या कचेरीत ती चार वर्षं शब्दांच्या अर्थाच्या आणि दाखल्यांच्या चिठ्ठ्या लिहीत होती, आणि आज ‘निजसुख’ हा शब्द छपाईला जायचा होता.

अर्थ बरोबर होता. बाहेरच्या कशावर न टेकलेलं, आपलं आपल्यातच सापडणारं सुख. जुन्या पोथ्यांतले दाखलेही ओळीनं लागले होते. आजच्या वापराचा दाखला मात्र एकच: ‘बघता बघता घर विसरतं, मग हातातलं इष्टलिंगही विसरतं, उरतं ते निजसुख.’ खाली नाव विजयसिंह सरांचं, म्हणजे खुद्द संपादकांचं.

वाक्य तिच्या आत्याचं होतं. जयसिंगपूरची अक्काताई, अक्षरओळख नसलेली, साठ वर्षं रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्याकडं एकटक बघत पूजेला बसणारी. पवित्रानं लिहिलेली ती चिठ्ठी सरांनीच परत केली होती. तोंडी दाखला चालत नाही, छापील हवा, म्हणाले होते. मग तेच वाक्य साफसूफ करून स्वतःच्या लेखात घातलं आणि कोशात त्या लेखाचा दाखला दिला. चोरी, पण नियमात बसवलेली. भिंतभर पदव्या टांगून माणूस इतका कोडगा कसा होतो, याचाच तिला जास्त संताप आला.

ती प्रूफ घेऊन सरांच्या टेबलाशी गेली. “हे माझ्या आत्याचं वाक्य हाय, सर.”

“असंल की,” सर चहा पीत म्हणाले. “पण तिनं कुठं छापलंय?”

पवित्रानं तिथंच आत्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं.

“माझं नाव ऱ्हाऊ दे, बाई,” आत्या म्हणाली. “पर पावणं, तुमास्नी झालंय का हो ते सुख? एक डाव तरी?”

सरांनी कप खाली ठेवला.

“मग खाली नाव कशापायी घातलंसा?” आत्यानं विचारलं.

पवित्रानं त्यांच्याच लाल पेनानं ते नाव खोडलं आणि लिहिलं: अक्काताई, जयसिंगपूर, तोंडी.

“छपाई थांबंल,” सर पुटपुटले.

“थांबू दे की.” तिनं कागद त्यांच्यापुढं सरकवला. “संपादक म्हणून सही करा. तुमची जागा ती हाय.”

सरांनी मान वर न करता सही केली.