खाडीची भूक

अनुष्काने प्रयोगाआधीच निकाल ठरवून टाकला होता. लग्न ठरायच्या आधी नातवंडांची नावं काढून ठेवावीत, तसाच हा प्रकार. पनवेलच्या खाडीत वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक हिरवे जीव, फारच कमी सापडत होते. त्यांना वाढायला नायट्रेट लागतं, फॉस्फेट लागतं. खाडी फॉस्फेटवाचून उपाशी आहे, असं तिने मार्गदर्शक अरुंधती मॅडमना छातीठोकपणे सांगितलं होतं. तिची सगळी पीएच.डी. त्यावर उभी होती.

सिद्ध करणं सोपं होतं. कोळीवाड्याच्या बाजूने खाडीचं पाणी आणायचं, बाटल्यांत भरायचं, काहींत नायट्रेट घालायचं, काहींत फॉस्फेट, आणि काही तशाच ठेवायच्या. जी बाटली हिरवी होईल, तिच्यातलं खत खाडीला कमी पडतंय. नवीन पनवेलमधल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर तिने बाटल्या उन्हात मांडल्या.

आठवड्याभरात सगळ्याच हिरव्या झाल्या. काही न घातलेल्यासुद्धा.

अनुष्काचं डोकं फिरलं. कोणीतरी बाटल्या पावडरने धुतल्या असणार, पावडरीतलं फॉस्फेट आत राहिलं असणार. आणि असं करणारं माणूस घरात एकच, तिची आई. कुमुदताई बाजारातून आलेला नारळही धुऊन ठेवायच्या.

“आई, तू बाटल्या धुतल्यास?”

“मी कशाला गं—”

“खरं सांग!”

कुमुदताईंनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “धुतल्या असतील बाई. चुकलं माझं.”

या घरात भांडणं अशीच मिटत. वडिलांची हरवलेली किल्ली, उतू गेलेलं दूध, चुकलेली बस, सगळं कुमुदताई स्वतःच्या अंगावर घेत आणि बाकीची मंडळी निवांत जेवत. अनुष्काने आईसमोरच मॅडमना फोन लावला. “आईने घोळ घातला, मॅडम. तिला कळत नाही यातलं काही.” मग बाटल्या मोरीत ओतून दिल्या.

दुसऱ्या खेपेला तिने बाटल्या स्वतः प्रयोगशाळेत अ‍ॅसिडने धुतल्या आणि गच्चीला कुलूप लावलं. पुन्हा सगळ्या तितक्याच हिरव्या. आता बोट दाखवायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिने बाटलीकडे नीट पाहिलं. गाळ तळाला बसला होता आणि वरचं पाणी नितळ होतं. खाडीत भरती-ओहोटी हा गाळ खाली बसू देत नाही, आणि त्या गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. खत तर शहराचं सांडपाणी रोज आणून ओततंय. खाडी उपाशी नव्हतीच. तिला उजेड कमी पडत होता.

खरा निकाल पहिल्याच खेपेला हाती आला होता आणि आपण तो मोरीत ओतला, हे कळल्यावर अनुष्काला स्वतःची लाज वाटली. ती खाली आली. कुमुदताई मेथी निवडत होत्या.

“आई, तू बाटल्यांना हात लावला नव्हतास.”

“नव्हता.”

“मग हो का म्हणालीस?”

“कोणावर तरी ढकलल्याशिवाय तू जेवली नसतीस.” त्यांनी जुडीतली पुढची काडी उचलली. “तुझं खाडीचं काय ते तू बघ. पण त्या मॅडमना तेवढं सांग, की मी हात लावला नव्हता.”

अनुष्काने फोन लावला आणि आधी तेच सांगितलं.