पितांबराच्या रंगाची मूठ

मित्रांनो, रोह्याजवळच्या वरसे गावात एका भाड्याच्या खोलीचं दार सारखं आपटतं. ते आपटू नये म्हणून त्याच्या खाली एक काळं-पिवळं रबर ठोकून बसवलेलं आहे. ते रबर म्हणजे मी. मी एक जुनी मूठ आहे, सायकलच्या हँडलची, उजव्या हाताची. माझी डावी बहीण कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेली.

माझा जन्म कारखान्यातला. पण ज्या झाडाच्या चिकापासून मी झाले, त्या झाडाला म्हणे एक वाघ रोज पाठ घासायचा, म्हणून माझी पकड इतकी घट्ट. हे मला कुणी सांगितलं ते विचारू नका. पेणच्या एका सायकलच्या दुकानातून हिरामणने मला घरी नेलं आणि बावीस वर्षं मी त्याच्या तळहातात राहिले.

हिरामण जोह्याचा. जोहे म्हणजे गणपतींचं गाव. तिथे घराघरांत मूर्ती होतात. हिरामण रंगारी, त्यातही डोळ्यांची आखणी करणारा. सकाळी तो सायकलवरून मूर्तींच्या कारखान्यात जायचा आणि जाताना मला घट्ट धरायचा. रात्रभराचं हाताचं कापरं मी वाटेतच शोषून घ्यायचे. मूर्तीचे डोळे बोलके होतात ते कुणामुळे, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाच ठाऊक होतं.

एकदा हमरापूरच्या उतारावर दोन्ही ब्रेक गेले, तेव्हा मी एकटीने सायकल थांबवली. हिरामण सांगतो की समोर म्हैस आडवी आली होती. म्हैस होती, नाही म्हणत नाही. पण तिचा वाटा थोडा.

या बावीस वर्षांत माझ्या अंगावर चार खळगे पडले, त्याच्या चार बोटांचे. दुसऱ्या कुणी मला धरलं तर त्याची बोटं घसरायची. हिरामणने धरलं की चारही बोटं आपापल्या घरी जाऊन बसायची. माझी कमाई म्हणाल तर एवढीच.

मग त्याच्या मुलीला, दिपिकाला, रोह्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. तिने वरशात खोली घेतली. शिफ्टला जायला वडिलांची सायकल मागितली. मला धरून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाबा, ही मूठ चिकट झालीय. हात काळा होतो. कंपनीत पांढरा कोट देतात."

"मग रंगवू या," हिरामण म्हणाला.

दिपिकाने मोबाइल पुढे केला. "यात दाखवतात बघा, घरच्या घरी रबराचा रंग कसा बदलायचा. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, पूर्ण सुकवायचं, मग वाकणारा रंग…"

"तुझ्या मोबाइलनं गणपती किती रंगवले गो?"

दिपिकाची आई सगुणा तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अवो, रबर हाय ते. तुमचा गणपती पाटावर गप बसून राहतो. ही मूठ काय गप बसणार हाय? तिला रोज दाबणार, पिळणार."

"चाळीस वर्षं देवाला पितांबर नेसवतोय. एका मुठीला नाय नेसवता येणार?"

आणि मित्रांनो, त्याने मला अगदी मूर्तीसारखंच सजवायला घेतलं. मूर्तीला खड्डा दिसला की लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपरने घासायचं, पांढरा हात द्यायचा, मग रंग. ही त्याच्या हाताची सवय. त्याला माझ्या अंगावर चार खड्डे दिसले. स्वतःच्याच बोटांचे खळगे त्याने लांबीने बुजवले, घासून सपाट केले आणि वर पितांबराचा पिवळाधमक रंग चढवला. मला तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण खरं सांगू? मी फुगले होते. तीन दिवस मी हँडलवरच, गणपतींच्या रांगेत सुकत होते. गडब गावाहून मूर्ती बघायला आलेल्या एका म्हाताऱ्याने मला हात जोडले आणि विचारलं, "ही कुठल्या देवाची गदा?"

बावीस वर्षं जोह्यात काढूनही मला एवढं कळू नये? तिथे ज्याला रंग लागतो, ते टेम्पोत चढून गावाबाहेर जातं. चौथ्या दिवशी टेम्पो आला. हिरामणने सायकल चढवली, सीटवर थाप मारली. मला हात लावला नाही. रंगाला बोटांचे डाग पडतील म्हणून.

पहिल्याच शिफ्टला मी तडकले. दिपिकाने वळण घेताना मला आवळलं आणि रंगाला भाजक्या पापडासारख्या भेगा गेल्या. घामाने त्याचा लगदा झाला. तिचा तळवा पिवळा, कोटाचा खिसा पिवळा. कंपनीतल्या बायका हसून म्हणाल्या, "काय गो, हळद लागली न आम्हाला पत्रिकाच नाय?"

संध्याकाळी तिने ब्लेडने माझ्या अंगाला उभी चीर दिली, मला उतरवलं आणि हँडलला नव्या मुठी चढवल्या. डावी कचऱ्यात गेली आणि मी दाराखाली.

तरी मी आशा सोडली नव्हती. हिरामण कधीतरी लेकीकडे येईल, मला उचलेल, बोटं आपली जागा ओळखतील, आणि मी त्याच्याबरोबर जोह्याला परत जाईन.

दिवाळीत तो आला. फराळाचा डबा ठेवला, सायकलजवळ गेला, नवी मूठ धरली आणि लगेच सोडली.

"दिपे, माझी मूठ कुठाय गो?"

"ती काय, दाराखाली."

तो वाकला. त्याने मला ओढून काढलं, हातात आवळलं. सुकलेली लांबी भुरूभुरू गळून जमिनीवर पडली आणि चार बोटं चार घरी जाऊन बसली. अंगठ्याने त्याने माझी चीर मिटवून बघितली. मला वाटलं, आता पिशवीत.

तेवढ्यात वारा आला आणि दार धाडकन आपटलं. आतून दिपिका म्हणाली, "बाबा, ते रबर लावा ना. शेजारी ओरडतात."

हिरामणने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर मापाची हाय," तो म्हणाला. मला दाराखाली सरकवलं आणि मी नीट बसावी म्हणून टाचेने ठोकलं. दोनदा.

मित्रांनो, म्हणून सांगते. जुनं रबर काळं पडलं, चिकटलं, तर साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत सुकवा. रंगवायचंच असेल तर वाकणाऱ्या वस्तूला वाकणारा रंग द्या. आणि घासण्याआधी तिच्यावरचे खड्डे एकदा बोटांनी चाचपून बघा. एखादा खड्डा तुमचाच असेल.

माझ्या अंगावर एक पिवळा ठिपका अजून आहे. वारा सुटला की दार माझ्यावर रेलतं आणि मी दाबली जाते. दर वेळी क्षणभर वाटतं, हात आला.